एकशे पंचावन्न

ओइवाने आधी चाक तोललं.
मासे तोलायचा काटा गॅरेजच्या आढ्याला टांगलेला,
त्याच्या आकड्याला माझ्या गाडीचं चाक, टायरसकट.
सोळा किलो, वर थोडं.
"एवढा मासा गळाला लागला असता," तो म्हणाला,
"तर आज दुकान उघडलंच नसतं."

चाकं माझी नव्हेत, भाच्याची हौस.
आर्त्तूने विकली तेव्हा गाडी अशीच होती,
सत्त्याण्णव सालची इवलीशी स्टारलेट
आणि खाली ही काळी, रुंद, पसरट चाकं.
शाळकरी पोराने बापाचे बूट घातलेत जणू.
तो गेला औलूला, नोकरीसाठी.
मी राहिले कुहमोत, ते बूट ओढत,
रोजचे नव्वद किलोमीटर.
कुणाचं इन्सुलिन, कुणाची न भरणारी जखम,
कुणाला नुसतंच विचारायचं, जेवलात का.

नोव्हेंबरात आमच्याकडे रस्त्यावर जे पडतं
त्याला ना बर्फ म्हणता येतं ना पाणी.
रुंद टायर त्याच्यावर तरंगतो,
पंगतीत मांडी पसरून बसलेला पाहुणा,
जागा दोघांची, जेवण अर्ध्याचं.
गेल्या साली दोनदा गाडी कडेच्या चरात गेली.
दुसऱ्या खेपेला मी चरात बसूनच
डबा संपवला, मग फोन केला.

ओइवाने पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिलं:
एकशे पंच्याऐंशीच्या जागी एकशे पंचावन्न.
पंधराच्या जागी तेराची रिम, ॲल्युमिनियमची,
त्याच्या सासऱ्याच्या कोठारात
बटाट्याच्या पोत्यांमागे अठरा वर्षं पडलेली.
ब्रेकला घासत नाही ना, पाहिलं.
किती वजन पेलेल, तो आकडा टायरवर शोधला,
चष्मा कपाळावर सरकवून.
घेर जवळजवळ तोच,
म्हणजे वेगाचा काटा खोटं बोलणार नाही.

"स्प्रिंगच्या वरचं ओझं स्प्रिंग सांभाळते.
खालच्याला कुणी नाही.
ते दर खड्ड्यात आपलं आपण आपटतं.
कमी करायचं तर तिथलं करावं."
मी सव्वीस वर्षं घरोघरी जाणारी नर्स.
हे खरं तर मी त्याला सांगायला हवं होतं.

नवं चाक काट्यावर: साडेदहा.
चारांचे मिळून बावीस किलो गेले.
माझ्या कमरेवरून एक हलत नाही.

पेट्रोल पंपावर हसले.
"काय राइली, सायकल घेतलीस?"
हसू देत. स्टिअरिंग एका बोटाने वळतं.
शंभर किलोमीटरला अर्धा लिटर वाचतं.
मोकळ्या तळ्याकाठी वारा आडवा आला की
गाडी जरा अंग चोरते, तेवढं आहे.
आणि त्या चिखलबर्फात
टायर खाली जातो,
साय बाजूला सारत दुधाला टेकणारा चमचा.
खाली डांबर असतं. होतंच तिथे सगळा वेळ.

मग तौनोकडे गेले, मंगळवारी, नेहमीच्या वेळी.
तौनोला दिसत नाही, नऊ वर्षं झाली.
दार उघडलं तर तो खुर्चीत, मोजे नसलेले पाय,
चूल थंड.
"कोण?" म्हणाला. असं कधी विचारत नाही.
मी म्हटलं, मी.
"तू नाही. तू पुलावर असतेस तेव्हाच कळतं मला.
टायर घोंघावतात तुझे, लाकडी पुलावर.
तेव्हा मी कॉफी ठेवतो.
उकळते, तेवढ्यात तू येतेस."

हे ओइवाच्या पुठ्ठ्यावर नव्हतं.

मी कॉफी ठेवली. पाय तपासले.
तो गप्प होता, जरा रुसलेला,
घरात कुणी न विचारता सामान हलवावं तसा.
निघताना म्हणाला, "चाकं बरी आहेत का पण?"
म्हटलं, बरी आहेत.
"मग राहू देत."

आता पुलावर आले की हॉर्न वाजवते, दोनदा.
पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकतो.
पहिल्यांदा कॉफी उतू गेली,
हॉर्न फार लवकर वाजला होता.
आता पुलाच्या मधोमध वाजवते,
तिसऱ्या फळीपाशी, जी सैल आहे.